बॉनेट दिसायला हवं

लग्नाच्या पंगतीत शेजारची बाई विचारते, "तुम्ही काय करता?" मी सांगते, "मोटारींच्या सीट करते." तिचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "रेक्झिनच्या की कापडाच्या? आमच्या ह्यांच्या गाडीला कव्हरं शिवायची आहेत."

पूर्वी मी समजावून सांगायची. आता शाहूपुरीतल्या एका चांगल्या कारागिराचं नाव सांगते आणि जिलेबी वाढून घेते.

इथे मात्र सांगायलाच बसले आहे, तर नीट सांगते. तुम्ही ज्या कापडावर बसता, ते माझं काम नव्हे. त्याखाली फोम असतो, तोही माझा नव्हे. फोमच्या खाली लोखंडी सांगाडा असतो. सीट पुढे-मागे सरकते ते रूळ, पाठ मागे झुकते तो कणा, आणि बाजूचा दांडा ओढला की सीट वर उचलते ती यंत्रणा, हे माझं. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात ही सगळी हाडं तयार होतात. त्यांची रचना करणाऱ्या खोलीची मी प्रमुख. खोलीत मी, दोन ड्राफ्ट्समन आणि एक गळका कूलर.

या कामाचं दुःख एवढंच की सीट चांगली झाली तर ती कुणाच्या लक्षात राहत नाही. कंबर दुखली की मात्र सगळ्यांना आम्ही आठवतो.

गिऱ्हाइकंही नाना परीची. एकदा एका गाडीच्या सीटचे रूळ अडकतात अशी तक्रार आली. आमच्या मालाला गंज चढतो, असं वरून पत्र. मी ती गाडी मागवली, रूळ उघडले. आत लालसर गुलाबी लगदा. नखानं खरवडला, वास घेतला. गंज कसला, तो जोतिबाचा गुलाल होता! मालक दर रविवारी डोंगरावर जायचा, अंगावर घेतलेला गुलाल सीटवर झटकायचा, आणि तो खाली ग्रीसमध्ये मुरायचा. आम्ही रुळांना झाकण बसवलं. आता ते झाकण पार केरळात जाणाऱ्या गाड्यांनाही असतं. तिथे कुणाला ते कशासाठी आहे हे ठाऊक नसणार.

दुसरे एक पुढारी आले होते. त्यांना बसायला आरामशीर सीट नको होती, उंच हवी होती. "मॅडम, गाडी गावातनं जाताना मी बाहेरनं दिसायला पाहिजे. आत्ता नुसतं डोस्कं दिसतंय." मी दिली करून. टोपी छताला घासते म्हणून परत आले.

ज्याच्यावर आमच्या खोलीचं जगणं-मरणं ठरलं, ते प्रकरण मात्र वेगळं आहे.

चाकणच्या एका मोटार कंपनीनं नवी छोटी गाडी काढायचं ठरवलं. लहान शहरांतल्या घरांसाठी, जिथे एकच गाडी नवराही चालवतो आणि बायकोही. त्यामुळे चालकाची सीट वर-खाली होणं महत्त्वाचं. ते काम आमच्याकडे आलं. कंपनीनं सोबत मापं पाठवली. ती परदेशी पुतळ्यांची होती. हे पुतळे उंच, सडपातळ, आणि कधीही साडी न नेसलेले. मी म्हटलं, आमच्याकडच्या बायकांना बसवून मापं घेऊ द्या. त्यांनी हो म्हटलं.

त्यासाठी आम्ही शॉपमध्ये, म्हणजे यंत्रं चालतात त्या शेडमध्ये, एक घोडा बनवला. घोडा म्हणजे चाकांशिवायची अर्धी गाडी: सीट, स्टीअरिंग, तीन पेडल आणि समोर बॉनेटच्या जागी पत्रा. माणसानं यावं, बसावं, सीट मनासारखी वर-खाली करावी, आम्ही माप टिपावं. मी निवडून बायका बोलावल्या. शाळेतल्या शिक्षिका, दवाखान्यातल्या नर्स, स्कूटी सोडून नुकत्याच चारचाकीवर आलेल्या. आणि शिरोळच्या सुमनअक्का. अक्कांची ऊसशेती, वय साठीकडे झुकलेलं, उंची माझ्या कानाइतकी. ट्रॅक्टर मात्र अशा चालवतात की रस्त्यावरचा टेम्पो आपण होऊन कडेला होतो. मागच्या पुरात त्यांनी ट्रॅक्टरवरून गल्लीतली म्हातारीकोतारी बाहेर काढली होती.

मापं झाली, त्यावरून सीटची खालची आणि वरची मर्यादा ठरली, नमुने चाकणला गेले. मी खुशीत होते.

मग तिकडून फोन आला. फोनवर सबनीस होते, त्या कंपनीतले सीट विभागाचे प्रमुख. माणूस सज्जन, पण बोलणं थंडगार.

"वंदनाताई, आमच्या टेस्ट ड्रायव्हर बायका सीट पूर्ण वर घेतात, तरी त्यांना बॉनेट दिसत नाही. सीट बुटकी झालीय."

"शक्य नाही. आम्ही प्रत्यक्ष बसवून मापं घेतलीत."

"मग मी येतो बघायला. आणि एक सांगून ठेवतो. वरून विचारणा होतेय की डिझाइनचं काम कोल्हापुरात कशाला हवं. कारखाना तिथे राहू दे, डिझाइन पुण्यात आणू."

म्हणजे आमची खोली बंद. ड्राफ्ट्समनांना पुण्याला बोलावणं येईल किंवा येणार नाही. मला येईल, पण मी जाणार नव्हते. नेसरीसारख्या गावातून येऊन मी इथे हे काम उभं केलं होतं. पुणेकरांनी काढलेल्या चित्रांप्रमाणे पत्रे वाकवत बसण्यात मला रस नव्हता.

आमचे मालक आबा. सत्तरी उलटलेले, सुरुवात लेथवर केलेली. मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "माप चुकलं असंल तर कबूल कर आणि मोकळी हो. न्हाय चुकलं तर भांड. पर आधी बघ तरी!"

सबनीस आले. शॉपमध्ये घोड्यासमोर उभे राहिले. मी म्हटलं, "बसा सर, तुम्हीच बघा."

सबनीस थांबले, वाकले, बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट काढून बाजूला ठेवले आणि मग घोड्यावर बसले.

"बूट कशाला काढलेत?" मी विचारलं.

"अहो, पूजा केलेली आहे ना." त्यांनी स्टीअरिंगवरच्या कुंकवाकडे बोट दाखवलं.

मी त्यांच्या बुटांकडे बघत राहिले. जाड तळव्याचे, काळे. माझ्या डोक्यात एकदम सगळं जुळलं.

घोडा तयार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. शॉपमधल्या लेथला, प्रेसला, मोजपट्टीलासुद्धा हळदकुंकू लागतं, तसं घोड्यालाही लागलं. झेंडूची माळ चढली. नंतर दर अमावस्येला मशिनींपुढे नारळ फुटतो, तेव्हा घोड्याला ताजं कुंकू मिळायचं. आणि आलेली प्रत्येक बाई त्यावर बसण्याआधी चप्पल काढायची. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगावं लागतच नाही. आणि आम्हाला ते दिसलंही नाही, कारण आम्हीही तेच केलं असतं.

आता चपलेचा सीटशी काय संबंध? बुटक्या बाईनं सीट वर घेतली की बॉनेट दिसतं, पण सीट रुळांवर पूर्ण पुढे घेतलेली असली तरी पाय पेडलपासून लांब जातो. अनवाणी असेल तर आणखी लांब. म्हणून आमच्या बायकांनी पाय टेकेल एवढ्यावरच सीट थांबवली होती. तीच आम्ही वरची मर्यादा धरली. चाकणच्या ड्रायव्हर बायका बूट घालून बसतात. त्यांचा पाय पोचतो, त्यांना अजून वर जायचं असतं, आणि आमची सीट म्हणते, बास.

"सर, बूट घाला," मी म्हटलं.

"इथे?"

"इथेच. घालून बसा."

सबनीसांनी आबांकडे पाहिलं. आबांनी घोड्याला हात लावून नमस्कार केला आणि म्हणाले, "घाला पावणं. देव समजून घील. तुमची कंपनी घेणार न्हाय."

सबनीस बूट घालून बसले, सीट वर घेतली, आणखी वर घ्यायला दांडा ओढला. टक्. संपली. पाय मात्र अजून पेडलवर नीट टेकलेला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांना कळलं.

"म्हणजे तुमची सगळी मापं बाद," ते म्हणाले. आवाजात विजय नव्हता, पण निकाल होता. "पुण्यात बूट घालून नव्यानं घेऊ. महिन्याभरात बैठक आहे. तिथे मी तसंच सांगेन."

ते चहाला थांबले म्हणून मी वाचले. चहा येईपर्यंत मी अक्कांना फोन लावला आणि आवाज मोठा केला, सबनीसांना ऐकू जाईल असा.

"अक्का, ट्रॅक्टर चप्पल घालून चालवता की काढून?"

"काढून की! चप्पल घालून कसं चढंन? सकाळी आधी पाया पडतो आमी ट्रॅक्टरच्या."

"आणि मुलाची कार?"

"ती बी काढूनच. क्लच पायाला कळाया नको व्हय? का गं इंजिनेरबाई, काय झालं?"

"काही नाही. नंतर सांगते."

सबनीस हसले. "ताई, त्या एकट्या आहेत."

"मग उद्या रविवार आहे. एक दिवस राहा."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना जोतिबाच्या डोंगरावर नेलं. देवळात नव्हे, गाड्या लावतात तिथे. लोक दर्शन घेऊन उतरत होते, अनवाणी गाडीत बसत होते आणि तसेच गाडी चालवत निघून जात होते. चपला मागच्या सीटखाली. सबनीस म्हणाले, "हे देवस्थान आहे. इथलं धरू नका."

ठीक. सोमवारी मी त्यांना एका शाळेच्या दारात उभं केलं. मुलांना न्यायला आलेल्या आया गाडीत बसून होत्या. मी एकीच्या खिडकीशी गेले. तिच्या चपला शेजारच्या सीटखाली व्यवस्थित जोडून ठेवलेल्या.

"अनवाणी का चालवता?"

"टाचेच्या चपलेनं ब्रेक नीट लागत नाही हो. आणि गाडी नवीन आहे, मॅट खराब होते."

दुसरी म्हणाली, "ऑफिसला जाताना बूट असतात. घरी परत येताना काढते." तिसरी आमच्याकडे संशयानं बघत म्हणाली, "तुम्ही चपलांच्या कंपनीचे का? डिस्काउंट आहे?" एका गाडीतल्या बाईंनी मात्र पाय दाखवला. जाड तळव्याचे खेळाचे बूट. "मी कायम यातच," त्या म्हणाल्या.

सबनीस गाडीत बसल्यावर म्हणाले, "म्हणजे दोन्ही आहेत."

"दोन्ही आहेत. आणि कधी कधी एकाच बाईत दोन्ही आहेत. तुमची मापं निम्म्या बायकांची, माझी उरलेल्या निम्म्यांची. बाद कुणाचीच नाहीत."

"पण सीट एकच आहे ताई. वर घेतली की अनवाणी बाईचा पाय पोचत नाही. खाली ठेवली की बूटवालीला दिसत नाही."

"महिना द्या."

"महिनाच आहे," ते म्हणाले.

आता थोडं यंत्राचं सांगते, घाबरू नका. सीट वर उचलली जाते ती चार लोखंडी पट्ट्यांवर. बाजेचे पाय दुमडतात, तशा त्या खाली दुमडलेल्या असतात. दांडा ओढला की उभ्या होत जातात आणि सीट वर येते. आमच्या सीटमध्ये या पट्ट्या अशा होत्या की सीट जवळजवळ सरळ वर जायची. मला कळलं की चूक तिथे आहे. उंच सीट कुणाला हवी? बुटक्या माणसाला. बुटक्या माणसाला आणखी काय हवं? पेडल जवळ. मग सीट नुसती वर का जावी? वर जाता जाता पुढेही सरकायला हवी. म्हणजे अनवाणी बाईसुद्धा वर जाईल आणि तिचा पाय पोचेल.

जगात कुणी हे केलं नव्हतं असं नाही. मोठ्या, महागड्या गाड्यांत असं असतं. पण छोट्या गाडीच्या सीटखाली जागा नसते. पट्ट्या लांब केल्या की दुमडताना गाडीची जमीन आडवी येते. आम्ही तिघांनी पट्ट्या वाकड्या करून पाहिल्या, त्यांचे खिळे हलवून पाहिले. शेवटी मागच्या पट्टीला कोपरासारखा बाक दिला आणि ती जमिनीला न लागता दुमडली. आबा स्वतः प्रेसवर उभे राहिले आणि पहिली जोडी त्यांनी काढून दिली. तोंडानं चालूच: "असली वाकडी पट्टी मी जल्मात काढली न्हाय. फेल गेली तर उलथनं म्हणून वापर."

नमुना घोड्यावर चढवला आणि अक्कांना बोलावलं. अक्का बसल्या, दांडा धरला, ओढला. कडकन आवाज झाला. दांडा त्यांच्या हातात.

"ह्ये घे," त्या म्हणाल्या. "तुझं दांडकं मोडलं."

"अक्का, जरा हळू ओढायचं!"

"हळू काय? फुलं खुडायची हायत व्हय? जड हाय ते, म्हणून जोर लावला."

त्यांचं खरं होतं. पट्ट्या लांब झाल्या तसं वजन उचलणं जड झालं होतं. ड्राफ्ट्समन म्हणाला, दांडा जाड करू. मी म्हटलं, नको. जाड दांडा म्हणजे मोडणार नाही एवढंच, हलका होणार नाही. ज्या बाईच्या हातात अक्कांचा जोर नाही, तिनं काय करायचं? आम्ही आत एक पिळाची स्प्रिंग बसवली. माणूस बसला की ती ताणलेली राहते आणि दांडा ओढला की उचलायला हातभार लावते. स्प्रिंग फार कडक झाली तेव्हा रिकामी सीट एकदम वर उडाली आणि ड्राफ्ट्समनचा चष्मा गेला. मग कमी केली.

अक्का पुन्हा आल्या. आधी अनवाणी, मग नातीचे बूट घालून. दोन बोटांनी दांडा ओढला, सीट उठत उठत पुढे आली.

"आगं, ही तर मला घिऊन निघाली!" अक्का म्हणाल्या. मग समोरच्या पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आता कसं! रस्ता दिसतोय."

समोर शॉपची भिंत होती. पण मला जे ऐकायचं होतं ते ऐकलं.

बैठकीच्या दिवशी मी नमुना घेऊन चाकणला गेले. कंपनीचे मोठे साहेब होते, सबनीस होते, पुण्याच्या डिझाइन विभागातली माणसं होती. त्यांच्यासमोर मांडायला मी काही फार नेलं नव्हतं. मी म्हटलं, गाडीत बसवूनच बघू.

त्यांच्या टेस्ट ड्रायव्हर बायकांत रेश्मा नावाची मुलगी होती, सगळ्यांत बुटकी आणि सगळ्यांत तिखट. पहिल्या नमुन्याची तक्रार तिनंच केली होती. ती बूट घालून बसली, सीट वर घेतली, ट्रॅकवर फेरी मारून आली. काच खाली करून म्हणाली, "मॅडम, या गाडीला एवढं बॉनेट आहे होय? मला वाटायचं कापूनच टाकलंय."

साहेब हसले. सबनीस हसले नाहीत. ते गाडीजवळ गेले आणि म्हणाले, "रेश्मा, आता बूट काढून."

"सर, नियमात बसत नाही."

"एक फेरी. मी सांगतोय."

ती अनवाणी बसली. सीट तेवढीच वर ठेवली, पाय क्लचवर दाबून पाहिला, पुन्हा दाबला. फेरी मारून आली. या वेळी काही विनोद केला नाही. म्हणाली, "घरची गाडी मी अशीच चालवते सर. उशी घेऊन. ही सीट आली तर उशी लागणार नाही."

तिथून आम्ही बैठकीला बसलो.

बैठकीत पुण्याच्या एका गृहस्थांनी विचारलं की आता आराखडा तयार आहे, तर पुढचं काम आम्ही पुण्यातून करायला काय हरकत आहे? माझ्याआधी सबनीसच बोलले. "हरकत एवढीच आहे की मी तिथे तीन दिवस होतो, तेव्हा कळलं की आपल्याला काय माहीत नाही. पुण्यात बसून ते कळलं नसतं." थंडगार आवाजात बोलले, पण ते वाक्य मी पेढ्यासारखं घरी आणलं.

साहेबांनी तिथेच ठरवलं. ही सीट पास. पुढच्या गाडीच्या चारही सीटचं काम आमच्याकडे. आणि माणसं बसवून मापं घेण्याचं काम, सगळ्या गाड्यांसाठी, कोल्हापुरात.

ती गाडी आता रस्त्यावर आहे. कोल्हापुरात तर खूप दिसते. सिग्नलला शेजारी थांबली की मी आधी चालवणारीची मान बघते. ताणलेली नसली की मी खूश.

त्या बैठकीच्या दिवशी चाकणहून निघताना आबांचा फोन आला होता. ते सकाळपासून शॉपमध्येच बसून होते.

"काय झालं? पास का फेल?"

"पास."

"आणि तुझी खोली? पुण्याला जानार का?"

"नाही आबा. पुण्याची दोन माणसं सोमवारपासून आपल्याकडे येतायत, शिकायला."

पलीकडे आबा शॉपमध्ये कुणाला तरी ओरडलेले ऐकू आले: "अरे, दोन खुर्च्या आण! चांगल्या बघून आण, बसणारी सीटवाली मान्सं हायत!"